जुना कागद आणि जुनाट कागद

बेळगाव आणि निपाणी यांच्या दरम्यानच्या टापूत असलेल्या एका देवस्थानात काही वर्षांमागे जीर्णोद्धाराचा उत्सव झाला. देवस्थानाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. उत्सवानिमित्त सभामंडपाच्या भिंतीवर देवाच्या इनामाची एक मोडी सनद मोठ्या काचेच्या चौकटीत लावण्यात आली होती. कागद मधासारखा पिवळा, कडा काळपटलेल्या, एका कोपऱ्यात जळाल्यासारखा डाग, मध्ये पाण्याचे ओघळ. भाविक दर्शन घेऊन परतताना तिच्यापुढे थांबत आणि कित्येकजण हात जोडत. प्रस्तुत लेखकानेही प्रथम हात जोडले, हे कबूल करावयास हवे. मग शेजारी उभे असलेले वृद्ध भटमाम कोंकणीत हलकेच म्हणाले, “हें पोरणें दिसता, पूण पोरणें न्हय.”

चौकशीअंती कळले ते असे. मूळ सनदेचे छायाचित्र घेऊन एका हौशी तरुणाने संगणकावर तिला हे रूप दिले होते. मूळ कागद व्यवस्थापकांना 'पुरेसा जुना दिसत नाही' असे वाटले, म्हणून हा उपद्व्याप. मूळ सनद कोठे आहे असे विचारता भांडारगृहातील पत्र्याची पेटी उघडण्यात आली. पेटीच्या तळाशी पावसाळ्याची ओल पोहोचली होती आणि अस्सल कागदाच्या एका घडीला बुरशी धरू लागली होती. बनावट वार्धक्य काचेत सुरक्षित होते. खरे वार्धक्य पेटीत कुजत होते. त्या दिवसापासून कागद म्हातारा कसा होतो आणि त्याला म्हातारा कसा करतात, या विषयाने मनात घर केले. त्याचा आपल्या सीमाभागाच्या इतिहासाशी वाटतो त्यापेक्षा निकटचा संबंध आहे.

आरंभीच एक समजूत दूर केली पाहिजे. जुना कागद म्हणजे पिवळा, ठिसूळ, कडा कुरतडलेला कागद, अशी आपली जी कल्पना झाली आहे ती गिरणीच्या कागदाने करून दिलेली आहे. लाकडाच्या लगद्यापासून, तुरटी व राळ घालून यंत्रावर काढलेल्या कागदात आम्ल राहते. ते तंतूंना आतून खात जाते आणि प्रकाश लागताच लगद्यातील काष्ठद्रव्य पिवळे पडते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र हातात घेताच मोडते ते यामुळे. पण पेशवाईतील दफ्तराचा रुमाल सोडला तर आतून पुष्कळदा निघतो तो साधारण दुधट, किंचित करड्या छटेचा, लवचिक आणि मजबूत कागद. अडीचशे वर्षांचा हा कागद कालपरवाच्या वर्तमानपत्रापेक्षा तरुण दिसतो. उत्सवाच्या मंडळींस सनद 'पुरेशी जुनी' वाटली नाही याचे मर्म हेच होय.

त्या काळी मराठी मुलुखात जुन्नरी आणि दौलताबादी कागदाची ख्याती होती. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव आजही त्या धंद्याचे नाव धारण करून आहे. हा उद्योग बहुतांशी कागदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुसलमान कारागिरांच्या हातचा. देवदेवतांच्या इनामांच्या सनदा त्यांनी केलेल्या कागदावर लिहिल्या गेल्या, ही गोष्ट आपल्या वाचकांनी सहज ध्यानात ठेवावी. ताग, जुनी गोणपाटे, दोर, चिंध्या असा माल चुन्याच्या पाण्यात मुरवून ढेकीखाली कुटीत, नदीत धूत, पुन्हा कुटीत. मग तो लगदा हौदातील पाण्यात कालवून गवताच्या बारीक काड्यांच्या जाळीवर उचलीत. जाळीच्या रेघा कागदात कायमच्या उमटत. उजेडासमोर धरल्यास त्या आजही दिसतात. कागद भिंतीवर वाळवून त्याला पिठाची खळ देत आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटीत. खळ आणि घोटाई यांमुळे बोरूची शाई पसरत नसे. चुन्याचा अंश कागदात राहिल्याने त्याला आम्लाची बाधाही कमी होई.

शाई काजळीची, डिंकात खलून केलेली. ही शाई काळाने तपकिरी होत नाही. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. तिला उडून जाण्याचे वा गंजण्याचे कारणच नाही. युरोपात लोहाच्या क्षारापासून केलेली शाई वापरीत, ती पुढे तपकिरी पडते व कधी कधी कागदही खाते. आज नाटक-चित्रपटांत शिवकालीन खलिता दाखविताना तपकिरी अक्षरे काढतात, ती नकळत विलायती शाईची नक्कल असते! जळक्या कडांचेही तसेच. आपल्या दफ्तरखान्यांत वाळवी, कसर, उंदीर, ओल या चौघांनी कागद खाल्ले. परंतु चारही बाजूंनी मेणबत्तीने नेटके भाजलेले पत्र कोणा संशोधकाच्या हाती आल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या सीमाभागाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की येथे लेखनाच्या दोन रीती शेजारी नांदल्या. मराठी कारभार मोडीत व कागदावर चाले, तर कानडी मुलुखात 'कडत' नावाची वही प्रचारात होती. कापडाला चिंचोक्याची खळ व कोळशाची पूड यांचा लेप देत, ते वाळले की काळ्या पाटीसारखे होई. मग त्याच्या घड्या घालून पांढऱ्या बळपाच्या कांडीने त्यावर लिहीत. शृंगेरी मठाच्या संग्रहातील अशी कडते इतिहासाची महत्त्वाची साधने मानली जातात. याज्ञवल्क्य स्मृतीत राजाने दानपत्र 'पटावर' किंवा ताम्रपटावर करून द्यावे असे सांगितले आहे. त्या पटाचे, म्हणजे कापडाचे, दूरचे वंशज म्हणून कडताकडे पाहावयास हरकत नाही. कडत म्हातारे होते ते वेगळ्याच रीतीने. त्याचा रंग बदलत नाही. लेपाचे पोपडे घडीवर सुटतात आणि अक्षर घासून पुसट होते.

खोटा दस्तऐवज कागदाबरोबर जन्मास आला असे मात्र नव्हे. मनुस्मृतीत राजशासन खोटे करणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितलेली आहे. म्हणजे हा रोग ताम्रपटांच्या काळापासूनचा आहे. बेळगाव जिल्ह्यातील हलशी येथे कदंब राजांचे जे ताम्रपट सापडले ते वाचून प्रसिद्ध करणारा विद्वान जॉन फेथफुल फ्लीट याने पुढे 1901 साली बनावट भारतीय लेखांची एक सविस्तर चर्चाच प्रसिद्ध केली. त्याची कसोटी धातू किती हिरवा पडला आहे ही नव्हती. अक्षराचे वळण त्या शतकाचे आहे काय, तिथी-वार जुळतात काय, वंशावळ इतर लेखांशी पटते काय, हे तो पाहत असे. तांब्याला म्हातारपण आणणे अवघड नाही. अक्षराला आणणे फार अवघड.

कागदाच्या खरेखोटेपणावरून याच मुलुखात रक्त सांडले आहे. 1824 साली कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्ज निपुत्रिक वारले. त्यांनी दत्तक घेतल्याचे कळविणारे पत्र धारवाडचा कलेक्टर थॅकरे याच्याकडे पोहोचले. पत्रावर तारीख जुलैची, पण ते हाती आले सप्टेंबरात, देसाई निवर्तले त्या सुमारास. सही पाहून थॅकरेला संशय आला की ती मृत्यूनंतर किंवा मरणासन्न अवस्थेत कोणी करून घेतली असावी. त्याने दत्तक मान्य केला नाही. 23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे थॅकरे मारला गेला, आणि राणी चन्नम्मांचे नाव इतिहासात अमर झाले. पत्र खरे की खोटे याचा निकाल येथे द्यावयाचा नाही. एका राज्याचे भवितव्य एका सहीच्या वळणावर टांगले गेले होते, एवढेच सांगावयाचे आहे. आणि हेही सांगितले पाहिजे की परीक्षा करणाराच वारस ठरत असेल तर परीक्षा निःपक्षपाती राहणे कठीण.

हीच गोष्ट पुढे इनामांच्या बाबतीत घडली. 1818 साली पेशवाई बुडाली, बेळगावचा किल्ला त्याच वर्षी इंग्रजांच्या हाती गेला आणि 1836 साली धारवाडपासून बेळगाव हा वेगळा जिल्हा झाला. सरकारच्या लक्षात आले की दक्षिण महाराष्ट्रातील फार मोठा सारा इनाम म्हणून सुटलेला आहे. 1843 पासून या प्रांतातील इनामांची चौकशी सुरू झाली, आणि 1852 च्या 11 व्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले. देसाई, देशपांडे, कुलकर्णी, वैदिक, मठ, मशिदी, देवालये अशा सर्वांनी आपापली कागदपत्रे पुढे करावी असा हुकूम झाला. पुण्यास जपून ठेवलेल्या पेशवे दफ्तरातील नोंदींशी ती ताडून पाहिली जाऊ लागली.

त्या काळचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ज्या कुटुंबात तीन पिढ्या जमीन चालत आली त्याच्याजवळ सनद असेलच असे नव्हते. कोणाची पेंढाऱ्यांच्या धामधुमीत जळाली होती, कोणाची भाऊबंदकीत दुसऱ्या घरी गेली होती, आणि कोणाची मुळात नव्हतीच. गावच्या पाटलाने व देसायाने तोंडी देऊन टाकलेली जमीन ती. अशा स्थितीत सनद 'निर्माण' करण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. खोट्या सनदा व खोटे शिक्के यांचा सुळसुळाट झाला होता अशी कमिशनच्या अधिकाऱ्यांची तक्रार होती. तीत तथ्य असणार. पण प्रत्येक खोट्या सनदेमागे खोटा हक्क होता असे मात्र समजू नये. खरी जमीन, खरी वहिवाट, आणि ती सिद्ध करण्यासाठी खोटा कागद, असेही घडले असणारच. सरकारला हा भेद पाहण्याची गरज वाटली नाही. या चौकशीने उठलेला असंतोष 1857-58 च्या उठावाच्या कारणांत गणला जातो. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी ज्या मॅन्सनला ठार केले तो पूर्वी याच इनाम खात्यात काम केलेला अधिकारी होता. बाबासाहेबांना 1858 साली फाशी देण्यात आले ते बेळगावातच. त्यांचे मुख्य दुःख दत्तक नाकारल्याचे होते, पण पार्श्वभूमीस हे सारे होतेच. पुढे 1863 च्या कायद्याने तडजोड झाली. देवस्थानांची इनामे देवस्थानाकडेच राहावी, मात्र ती विकता येऊ नयेत, असे तत्त्व रूढ झाले. आज अनेक देवळांची दिवाबत्ती ज्या जमिनीच्या उत्पन्नावर पिढ्यान्पिढ्या चालली ती या कागदी अग्निदिव्यातून पार पडलेली आहे.

गोव्याकडील आपल्या वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. 1739 साली शाहू महाराजांनी कवळे गाव श्रीशांतादुर्गेस नारोराम मंत्री यांच्या विनंतीवरून दिला. त्याच साली रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या खटपटीने मंगेशी गाव श्रीमंगेशास मिळाला. देवता पोर्तुगीजांच्या जाचातून अंत्रुजात आल्या हे एक स्थलांतर. पण त्यांना भूमीवर स्थिर केले ते कागदाने.

आता म्हातारपण आणण्याच्या कृतीकडे वळू. कागदाला रंग चढविणे मुळीच कठीण नाही. हिरड्याचे पाणी, कात, चहाचा अर्क, कॉफी, या सर्वांत तुरट द्रव्य आहे व ते तंतूंना तपकिरी रंग देते. हळदीचा पिवळा सुरेख दिसतो, पण उन्हात उडून जातो. चुलीवरच्या धुरात टांगलेला कागद आठवडाभरात काळवंडतो. कागद चुरगळून पुन्हा सपाट करावा, ओला असता पोत असलेल्या कापडावर दाबावा, वाळल्यावर कडा बोटांनी झिजवाव्या, म्हणजे हस्तकलेपुरते काम झाले. बेळगावच्या शाळांच्या प्रदर्शनांतून शिवरायांची पत्रे अशा रीतीने केलेली पुष्कळांनी पाहिली असतील; त्यांत वाईट काही नाही. मुलांच्या हातांना चहाचा वास येतो आणि इतिहासाला हात लागल्याचा आनंद होतो.

परंतु पारखणाऱ्यापुढे हे टिकत नाही. धुराचा काळिमा पृष्ठावर बसतो. ओल्या कापसाने पुसला की निघतो. चहाचा रंग सर्वत्र सारखा चढतो. खरा जुना कागद मात्र बाहेरच्या घडीवर मळलेला आणि आतल्या घडीवर उजळ असतो, कारण तो शतकभर घडी घालूनच ठेवलेला असतो. घडी आधी पडून अक्षर नंतर लिहिले असेल तर शाई घडीच्या फुटलेल्या तंतूंत पसरते, घोटीव पृष्ठावर पसरत नाही. सर्वांत मौजेचा पुरावा किड्यांचा. कसरीने अक्षर पाहून भोक पाडलेले नसते. ती अक्षरातून आरपार जाते. ज्या कागदात अक्षरे भोकांना वळसा घालून जातात तेथे भोके आधीची व लेखक नंतरचा, हे सांगावयास न्यायाधीश नको. विलायती कागदाची तर गोष्टच वेगळी. इंग्लंडात 1794 च्या कायद्यानंतर कित्येक कागदांत जलचिन्हाबरोबर साल घालू लागले. माधवराव पेशव्यांच्या नावाची सनद 1800 नंतरचे साल असलेल्या कागदावर निघाली, तर तिला कितीही धुरी दिली तरी व्यर्थ.

आणि एवढ्यातूनही कागद निभावला तरी मजकूर उरतोच. अरबी सुहूर सन, शक, चंद्र व तिथी यांचा मेळ, शिक्का कोणाचा व कोणत्या वर्षीचा, शेवटी मोर्तब कोठे उठविले, लिहिणाऱ्याचे मोडीचे वळण कोणत्या काळचे. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केल्यावर आणि 1928 साली वा. सी. बेंद्रे यांचे 'साधन-चिकित्सा' आल्यावर ही परीक्षा मराठीत शास्त्र म्हणून नांदू लागली. तिच्यात कागदाचा रंग ही सर्वांत दुबळी साक्ष ठरते.

संगणकाने या कलेला नवे हात दिले आहेत, आणि त्यांची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. पद्धत थोडक्यात अशी. जुन्या जमाखर्चाच्या वहीचे कोरे पान स्कॅन करून तळाशी ठेवावयाचे. त्यावर अक्षरांचा थर असा बसवावयाचा की त्यातील पांढरा भाग नाहीसा व्हावा आणि काळा तेवढा कागदात मुरल्यासारखा दिसावा. मग कडांना गडद छाया, मध्ये डाग, थोडी धूळ, थोडा खरखरीतपणा. डाग हवा तेव्हा लावता येतो, नको तेव्हा पुसता येतो, आणि मूळ कागदाला बोटही लागत नाही. हा शेवटला गुण फार मोठा आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, ग्रंथांची मुखपृष्ठे यांत या पोताचा उपयोग रसिकतेने केलेला आपण पाहतो. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत वाढलेल्या माणसाला तर तो पिवळसर-तपकिरी रंग घरचाच वाटतो!

मात्र हाच संगणक उलट दिशेनेही चालतो, हे त्या तरुणाला कोणी सांगितले नव्हते. चांगल्या स्कॅनमध्ये अस्पष्ट अक्षर उजळता येते, डागाखालील शिक्का वाचता येतो, फाटलेला तुकडा जुळवून पाहता येतो. ज्या श्रमात त्याने स्वच्छ सनदेवर डाग चढविले त्याच श्रमात देवस्थानाच्या साऱ्या पेटीची स्पष्ट छायाचित्रे तयार झाली असती.

नकलेची लाज आपल्या पूर्वजांस कधीच नव्हती. मराठी दफ्तरांत नकलांचे ढीग आहेत. मूळ कागद धन्याकडे, नक्कल दफ्तरात, दुसरी नक्कल महालावर, हा नित्याचा व्यवहार होता. पण अशा कागदाच्या माथ्यावर 'तालीक' किंवा 'नक्कल' असे स्पष्ट लिहीत, म्हणजे ती अस्सल म्हणून कोणी कोणाच्या गळ्यात मारू नये. नक्कल नव्या कागदावर, नव्या शाईने, निःसंकोच नवी दिसत असे. तिला वय चढविण्याचे कारण नव्हते, कारण तिचा मान तिच्या खरेपणात होता. आपल्या सभामंडपातील त्या चौकटीत कोपऱ्यात 'नक्कल' हा तीन अक्षरी शब्द असता तर भटमामांना कुजबुजावे लागले नसते.

हा प्रकार व्यवस्थापकांच्या कानावर घातला तेव्हा प्रथम थोडी नाराजी झाली. “लोकांना भक्ती वाटते ना, मग झाले,” असे एक गृहस्थ म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे. मूर्तीपुढे हात जोडताना आपण पाषाणाचे वय विचारीत नाही. पण सनद ही मूर्ती नव्हे. ती साक्ष आहे. उद्या जमिनीचा वाद उभा राहिला आणि भिंतीवरच्या कागदाचेच छायाचित्र कोणी पुढे केले, तर प्रतिपक्षाचा वकील एका मिनिटात ते बनावट ठरवील, आणि खऱ्या सनदेवरही तोच शिंतोडा उडेल. 1852 साली ज्या देवाने ही परीक्षा दिली त्याला पुन्हा उभे करावयाचे, आणि तेही आपल्याच हौसेपायी! हे म्हणणे शेवटी त्यांना पटले.

मूळ सनद आता सावलीत हवेवर सुकवून, मऊ कुंचल्याने बुरशी झाडून, आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवली आहे. लोखंडी पेटीऐवजी लाकडी कपाट केले असून ते जमिनीपासून वीतभर उंच आहे, आणि खणात वेखंडाचे तुकडे आहेत. लॅमिनेशन करण्याची एकाची सूचना होती. ती मोठ्या कष्टाने परतवावी लागली, कारण उष्णतेने चिकटविलेले प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि आत ओल कोंडली तर कागद हवाबंद कुजतो. भिंतीवरची प्रत तेथेच आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यात भटमामांनी स्वतः बोरूने, काजळीच्या शाईने, मोडीत एक शब्द लिहिला. मोडी वाचणारे गावात आता दोघेच उरले असल्याने तोच शब्द त्यांनी शेजारी बाळबोधीतही लिहिला आहे.